परसातल्या मत्स्यतळ्याचा पंप कमी विजेत कसा चालवावा

परसातल्या छोट्या तळ्याचा पंप घरातील बहुतेक उपकरणांपेक्षा कमी वॅटचा असतो, पण तो कधीच थांबत नसल्यामुळे वीजबिलात त्याचा वाटा मोठा असतो. १०० वॅटचा पंप अहोरात्र चालला तर तो दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट आणि वर्षाला ८७६ युनिट वीज घेतो. इस्त्री त्याच्या दसपट वॅटची असली तरी ती दिवसातून काही मिनिटेच चालते. अखंड चालणाऱ्या पंपाचा एक वॅट कमी झाला तरी वर्षाकाठी पावणेनऊ युनिट वाचतात, म्हणून इथे पाच-दहा वॅटचा विचारही क्षुल्लक ठरत नाही.

बिल पाहिल्यावर पंप रात्री बंद ठेवावा, असे अनेकांच्या मनात येते. फिल्टरला पाणी देणाऱ्या पंपाबाबत हा विचार आधीच सोडून द्यावा. माशांच्या विष्ठेतून आणि श्वसनातून पाण्यात अमोनिया येतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. प्रवाह काही तास थांबला की बंद फिल्टरमधील ऑक्सिजन संपू लागतो, जिवाणू मरू लागतात आणि सकाळी पंप सुरू होताच ते कुजके पाणी थेट तळ्यात येते. शिवाय रात्री पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट तो वापरतात. त्यामुळे तळ्यातील ऑक्सिजनची पातळी पहाटे सर्वांत खाली असते. नेमक्या त्याच वेळी पाणी स्थिर ठेवणे माशांच्या जिवावर बेतू शकते.

बचतीची खरी जागा पंपाला करावे लागणाऱ्या कामात आहे. ते काम दोन गोष्टींवर ठरते : तासाला किती पाणी हलवायचे आणि ते किती उंचीवर ढकलायचे. या उंचीत पाइपच्या घर्षणाने खाल्लेली उंचीही धरावी लागते. या दोन्ही गोष्टी कमी केल्या, की तेवढ्याच स्वच्छ पाण्यासाठी अर्ध्याहूनही लहान पंप पुरतो.

आधी मोजमाप

पहिला आकडा तळ्याच्या पाण्याचा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला १००० ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. उदाहरणासाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि सरासरी ८० सेंटिमीटर खोल असे तळे घेऊ. त्यात ४८०० लिटर पाणी बसते. कडा उतरत्या असतील तर सरासरी खोली अंदाजाने ठरवू नये, काठीने पाच-सहा ठिकाणी मोजून काढावी, कारण डोळ्यांना तळे नेहमी आहे त्यापेक्षा उथळ भासते.

दुसरा आकडा प्रत्यक्ष प्रवाहाचा. पंपाच्या खोक्यावर ‘ताशी ८००० लिटर’ असे लिहिलेले असले तरी तो आकडा पंपाला अजिबात उंची चढावी लागत नाही आणि पुढे पाइपही नाही अशा स्थितीतला असतो. त्याच खोक्यावर ‘कमाल हेड ४ मीटर’ असे असते. त्या उंचीवर पाणी पोहोचते खरे, पण बाहेर एक थेंबही पडत नाही. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच वेळी कधीच खरे नसतात. आपल्या तळ्यात काय घडते हे पाहायचे तर पाणी जिथे परत तळ्यात पडते तिथे २० लिटरची बादली धरावी आणि ती काठोकाठ भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. बादलीचे लिटर भागिले सेकंद, गुणिले ३६०० हा ताशी प्रवाह. बादली १८ सेकंदांत भरली तर प्रवाह ताशी ४००० लिटर आहे. ही चाचणी तीनदा करून सरासरी घ्यावी. बादली तिरकी धरली किंवा पाणी बाहेर उडाले तर उत्तर चुकते.

तिसरा आकडा विजेचा. प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळाला तर उत्तम. तो नसेल तर घराचा वीजमीटरच उपयोगी पडतो. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, हे मीटरवरच लिहिलेले असते. फ्रीज, इन्व्हर्टर, राउटर यांसह घरातील सर्व काही बंद करून केवळ पंप चालू ठेवावा आणि दोन लुकलुकींमधील अंतर मोजावे. युनिटला ३२०० इम्पल्स, म्हणजे लुकलुकी, असतील, तर १०० वॅटच्या भाराला दिवा सुमारे सव्वाअकरा सेकंदांनी लुकलुकतो, १२० वॅटला साधारण साडेनऊ सेकंदांनी. पंपावर छापलेले अँपिअर आणि व्होल्ट यांचा गुणाकार करून वॅट काढू नयेत. छोट्या मोटरींचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या विजेचा हिस्सा, कमी असल्याने तो आकडा प्रत्यक्ष वापरापेक्षा बराच मोठा येतो. याच कारणाने सॉकेटमध्ये नुसते खोचून वीज वाचवण्याचा दावा करणाऱ्या डब्या घेण्यातही अर्थ नाही, कारण घरगुती मीटर साधारणपणे प्रत्यक्ष खर्च झालेली वीजच मोजतो आणि या डब्या ती कमी करत नाहीत.

आपल्या उदाहरणातील पंप १२० वॅट घेतो असे धरू. म्हणजे महिन्याला ८६.४ युनिट.

किती प्रवाह खरोखर लागतो

बागेतील तळ्यासाठी रूढ ठोकताळा असा, की सगळे पाणी दोन तासांतून एकदा फिल्टरमधून जावे. ४८०० लिटरच्या तळ्याला त्या हिशेबाने ताशी २४०० लिटर पुरतात. फिल्टर हळूहळू तुंबत जाणार हे लक्षात घेऊन ताशी ३००० लिटर धरणे शहाणपणाचे. कोई मासे दाटीने ठेवले असतील तर तासाला एक फेरी लागू शकते, तर मोजके गोल्डफिश आणि भरपूर वनस्पती असलेल्या तळ्याचे त्याहून कमी प्रवाहातही भागते. ठोकताळ्यापेक्षा पाण्याच्या चाचणीवर अधिक विश्वास ठेवावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सातत्याने शून्य येत असतील तर प्रवाह थोडा कमी करून आठवडाभराने पुन्हा तपासावे. आकडे शून्यावरून हलले, की मागे यावे.

प्रवाहाची गरज मुळातच कमी करण्याचे उपायही आहेत. अमोनियाचे प्रमाण माशांच्या संख्येपेक्षा आपण घालतो त्या खाद्यावर अधिक अवलंबून असते. मासे काही मिनिटांत संपवतील इतकेच खाद्य घालावे. दुपारच्या उन्हात तळ्यावर सावली येईल अशी व्यवस्था केली आणि पृष्ठभागाचा काही भाग कमळ किंवा तरंगत्या वनस्पतींनी झाकला, तर शेवाळ कमी वाढते आणि पाणीही फार तापत नाही.

पाइप : सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित गळती

लोक पंप बदलतात, पण पाइप तोच ठेवतात. माझ्या मते क्रम उलटा असायला हवा.

पाइपमधील घर्षण प्रवाहाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि व्यास वाढला की जवळपास त्याच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात घटते. हे ऐकायला कोरडे वाटते, म्हणून आकड्यांतच पाहू. ताशी ४००० लिटर पाणी आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत पाइपमधून नेले, तर दर १० मीटर लांबीमागे सुमारे २.४ मीटर उंचीइतका जोर नुसत्या घर्षणात जातो. तोच पाइप ३२ मिलिमीटरचा केला तर हा तोटा सुमारे ७० सेंटिमीटरवर येतो आणि ४० मिलिमीटरचा केला तर अवघ्या २५ सेंटिमीटरवर. पंप तोच, पाणी तेच. मधली नळी बदलल्याने दोन मीटरचा चढ नाहीसा होतो.

पाइप विकत घेताना आतला व्यास विचारावा, कारण काही पाइपांवर बाहेरचा व्यास छापलेला असतो. आतून वळ्या असलेली नळी वाकवायला सोपी असली तरी गुळगुळीत पाइपपेक्षा तिच्यात घर्षण जास्त असते, म्हणून ती वापरायची असेल तर आतून सपाट असलेली निवडावी. काटकोनातील प्रत्येक एल्बो पाण्याला अडवतो. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन जोड घ्यावेत किंवा लवचीक नळी मोठ्या वळणाने फिरवावी. पंपाच्या तोंडाशी आलेला अरुंद पायऱ्यांचा जोड अनेकजण न कापता तसाच बसवतात आणि मोठ्या पाइपचा फायदा तिथेच अडवून ठेवतात. त्या जोडाच्या लहान पायऱ्या करवतीने कापून, आपल्या पाइपला बसणारी सर्वांत रुंद पायरीच शिल्लक ठेवावी.

पाइप बदलताना त्याची लांबीही पाहावी. फिल्टर तळ्याच्या एका टोकाला आणि पंप दुसऱ्या टोकाला असणे पाणी सगळीकडे फिरण्यासाठी चांगले, पण पाइप शोभेसाठी कुंपणाला वळसा घालून नेला असेल तर तो वळसा अहोरात्र वीज खात असतो.

उंची कमी करणे

चढायची उंची मोजताना पंप तळाशी किती खोल आहे हे पाहू नये. पंप पाण्यात बुडालेला असेल तर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचा भाग जवळजवळ फुकट मिळतो. मोजायची ती पृष्ठभागापासून पाणी जिथे बाहेर पडते तिथपर्यंतची उभी उंची. आपल्या तळ्यात ती ८० सेंटिमीटर आहे आणि ६ मीटर लांबीचा २५ मिलिमीटरचा पाइप आहे असे धरले, तर घर्षणाचे सुमारे दीड मीटर मिळवून पंपाला २.३ मीटरच्या पुढे ढकलावे लागते. एल्बोंचा तोटा त्याहून वेगळा.

फिल्टरची पेटी उंच दगडी कट्ट्यावर ठेवली असेल आणि तिथून पाणी गुरुत्वाने खाली येत असेल, तर कट्टा कमी करता येईल का ते पाहावे. पाणी परत तळ्यात येण्यापुरती उंची असली की काम भागते. आतून दाब घेणारा बंद, प्रेशर फिल्टर दिसायला नीटस असतो, पण पाणी फोममधून ढकलण्यासाठी तो स्वतःच जोर खातो आणि फोम तुंबत गेला की अधिक खातो. उघडा, गुरुत्वावर चालणारा फिल्टर जागा अडवतो, पण विजेच्या दृष्टीने तो उजवा आहे. नव्याने तळे बांधणाऱ्याने फिल्टरच्या टाकीतील पाण्याची पातळी तळ्याच्या पातळीइतकीच ठेवून, पाणी तळ्यातून टाकीत आपोआप येईल आणि पंप टाकीतून ते फक्त थोडेसे उचलून परत देईल, अशी रचना करावी. पंपाकडे स्वच्छ पाणी येत असल्याने तिथे कमी वॅटचा, घनकचरा न हाताळणारा पंपही चालतो.

धबधबा वेगळा करणे

धबधबा दिसतो देखणा, पण त्याचे गणित महाग आहे. काठावरून पाण्याचा भरदार पडदा पडायला रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी साधारण १५० लिटर लागतात, म्हणजे ३० सेंटिमीटर रुंद धबधब्याला ताशी ४५०० लिटर. फिल्टरला लागतात त्याहून हे किती तरी जास्त, तेही अधिक उंचीवर. एकाच पंपावर दोन्ही भार असतील तर धबधब्यासाठी निवडलेला मोठा पंप फिल्टरमुळे चोवीस तास चालू ठेवावा लागतो.

यावर उपाय म्हणजे दोन पंप. एक लहान, फिल्टरसाठी, कधीही बंद न होणारा; दुसरा धबधब्यासाठी, टायमरवर, आपण बागेत असतो तेवढ्याच वेळेपुरता. धबधब्याची रुंदी काठावर दगड बसवून कमी केली तर हा दुसरा पंपही लहान चालतो; १२ सेंटिमीटरचा भरीव पडदा ३० सेंटिमीटरच्या तुटक पाझरापेक्षा मला तरी अधिक शोभिवंत वाटतो.

धबधबा बंद असताना तो देत असलेला ऑक्सिजन मात्र थांबतो. कोमट पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो : २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.५. माशांसाठी तो ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. म्हणून रात्रीसाठी एअर पंप लावावा. हवा ढवळून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवण्याच्या कामात २० वॅटचा एअर पंप मोठ्या पाणपंपापेक्षा किती तरी स्वस्तात पडतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसले तर एअर पंपाची वेळ लगेच वाढवावी आणि बाकीचा हिशेब नंतर करावा.

आता पंप निवडणे

पाइप आणि उंची यांचे काम झाल्यावरच नवा पंप घ्यावा, नाहीतर आपण जुन्या अडचणीच्या मापाचा पंप विकत घेतो. निवडताना खोक्यावरील कमाल आकडे सोडून पंपाचा आलेख मागावा. आडव्या अक्षावर प्रवाह आणि उभ्या अक्षावर हेड असलेली ती घसरती रेषा असते. आपल्याला लागणाऱ्या हेडवर तो ताशी किती लिटर देतो हे तिच्यावर पाहावे आणि त्या प्रवाहासाठी किती वॅट लागतात याची तुलना करावी. आपला बिंदू रेषेच्या साधारण मध्यभागी पडणारा पंप योग्य. अगदी टोकावर काम करणारा पंप वीज घेतो आणि पाणी देत नाही.

पाइप ४० मिलिमीटरचा केल्यावर आपल्या तळ्यात ताशी ३००० लिटरला घर्षण दहा सेंटिमीटरच्याही आत येते. ८० सेंटिमीटर चढ आणि जोडांचा तोटा धरून एक मीटर हेड पुरेसे होते. नुसते पाणी उचलायला लागणारी शक्ती मोजली तर ती जेमतेम ८ वॅट भरते. छोट्या पंपांची कार्यक्षमता कमी असते, म्हणून ४० वॅटचा पंप हे काम करतो, असे धरणे वास्तवाला धरून आहे. त्याचे महिन्याचे २८.८ युनिट. धबधब्याचा ८० वॅटचा पंप रोज ४ तास चालवला तर ९.६ युनिट आणि २० वॅटचा एअर पंप रात्रीचे १० तास चालवला तर ६ युनिट. एकूण ४४.४, आधीचे होते ८६.४.

वेग कमी-जास्त करता येणारा पंप घेतला तर आणखी एक सोय मिळते. वेग कमी केला की वीज त्याच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ८० टक्के वेगाला जवळपास निम्मी. मात्र हा नियम घर्षणाच्या भाराला लागू पडतो. पाणी उंच चढवायचे असेल तर वेग कमी करताच प्रवाह झपाट्याने घसरतो आणि एका मर्यादेखाली पाणी वर पोहोचतच नाही. म्हणून वेग उतरवताना दर टप्प्यावर बादलीची चाचणी करावी. साध्या पंपाचा प्रवाह व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून कमी करणे हा मात्र तात्पुरताच उपाय आहे, कारण वीज त्या प्रमाणात घटत नाही. तसे करावेच लागले तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे असावा. पाणी आत घेण्याची बाजू कधीही आवळू नये.

देखभाल

पंपाच्या जाळीत पाने आणि शेवाळाचे धागे अडकले, की वॅट जवळपास तेच राहतात आणि पाणी घटते. जाळी आठवड्यातून एकदा झटकावी. दोन-तीन महिन्यांतून एकदा पंप उघडून इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे आतले फिरते चक्र, बाहेर काढावा. कडक पाण्यात त्याच्या चुंबकावर क्षाराचा पांढरट, खरबरीत थर बसतो. तो खरवडून काढू नये. व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अॅसिडच्या सौम्य द्रावणात काही तास भिजवून मऊ ब्रशने घासावा आणि भरपूर पाण्याने धुऊनच पंप तळ्यात सोडावा. फिल्टरचा फोम आणि माध्यम तळ्यातून काढलेल्या पाण्यातच पिळावे, नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने जिवाणू मरतात.

हिरव्या पाण्यासाठी यूव्ही दिवा बसवलेला असेल तर त्याची नळी साधारण वर्षभराच्या अखंड वापरानंतर निळी दिसत राहिली तरी तिचे अतिनील किरण बरेच क्षीण झालेले असतात. अशी नळी नुसती वीज खाते. ती वेळेवर बदलावी आणि पाणी थंड असून शेवाळ वाढत नाही त्या महिन्यांत दिवा बंद ठेवावा. त्याला रोज चालू-बंद करू नये, त्याने नळीचे आयुष्य घटते. पाणी १० अंशांच्या खाली गेले की मासे खाणे जवळपास थांबवतात, तेव्हा पंपाचा वेगही उतरवता येतो, पण प्रवाह पूर्ण तोडू नये.

पाण्यात हात घालण्यापूर्वी तळ्यातील प्रत्येक विद्युत उपकरणाचा प्लग काढावा आणि या सर्किटवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच असल्याची खात्री करावी. केबलचा जोड पाण्यात किंवा ओल्या जमिनीवर कधीही ठेवू नये. बचतीच्या नावाखाली याला फाटा देऊ नये.

सौर पॅनेलचा विचार या सर्वांनंतर करावा. चांगल्या उन्हात १०० वॅटचे पॅनेल दिवसाला साधारण ०.४ ते ०.५ युनिट देते, तर ४० वॅटच्या अखंड पंपाला ०.९६ युनिट लागतात आणि रात्रीसाठी बॅटरी वेगळी. त्यामुळे फिल्टरपेक्षा धबधब्याचा पंप सौरऊर्जेवर टाकणे सोपे, कारण तो उन्हापुरता चालला तरी बिघडत नाही. फिल्टरसाठी बॅटरी घ्यायचीच असेल तर आधी १२० वॅटचे ४० वॅट करावेत. बॅटरीही तिप्पट लहान पुरते.

बदल झाल्यावर वॅट आणि बादलीचे सेकंद एका वहीत लिहून ठेवावेत आणि महिन्यातून एकदा पुन्हा मोजावेत. बादली भरायला आधीपेक्षा एक-चतुर्थांश वेळ जास्त लागू लागला तर जाळी, मग इम्पेलर, मग पाइपच्या आतला चिकट थर या क्रमाने पाहावे. सेकंद तेच असून वॅट वाढले असतील तर बहुधा इम्पेलर घासतो आहे किंवा त्याचे बेअरिंग झिजले आहे, आणि तो सुटा भाग बदलण्याची वेळ आली आहे.